हिंगोलीच्या जत्रेतला स्पेनचा वळू

मुक्या सिनेमाच्या काळात खाजा मियाला तंबूत मान होता. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची. ती काय म्हणतात ते खाजा मिया शेजारी उभा राहून सांगायचा. राजा, राणी, राक्षस, सगळ्यांचा आवाज तोच. पुढं बोलपट आले, माणसं आपली आपण बोलू लागली आणि तंबूचा मालक बाबूसिंग यानं खाजा मियाच्या गळ्यात ढोल अडकवला. बाहेर वाजवायचा, लोक गोळा करायचे. खाजा मियाला वाईट वाटलं, पण ढोल वाजवणाऱ्याला वाईट वाटलेलं कुणाला ऐकू येत नाही.

एकोणचाळीस सालच्या दसऱ्याला हिंगोलीच्या जत्रेत तंबू लागला. मुंबईहून रेल्वेनं सिनेमाची पेटी आली. पहिलं रीळ लावून बघितलं, तर भलतंच. डोक्यावर काळी ओढणी घेतलेल्या बाया आणि रुंद टोप्यांचे पुरुष भराभर काहीतरी बोलत होते. बाबूसिंगनं स्टेशनावरच्या गोव्याच्या गार्डाला आणलं. त्यानं थोडं ऐकलं.

"स्पेन देशाची भाषा आहे," तो म्हणाला. "पेटी चुकली तुमची."

बाहेर तर जत्रा लोटली होती. बाबूसिंगनं खाजा मियाच्या गळ्यातला ढोल काढला.

"खाजाभाई, आज तुमी सांगा."

"मला कुठं येती ती भाषा?"

"राक्षसाची तरी कुठं येत होती?"

हे बराबर होतं. गाण्यापुरता आवाज सोडायचा, बाकी बंद, असं ठरलं.

खाजा मियानं नायकाला इनामदाराचं पोरगं केलं, नायिकेला विधवेची लेक. अर्धा खेळ झकास गेला. मग एक गोल मैदान आलं आणि मधोमध काळाभोर वळू. तंबू सावरून बसला. नायक तलवार घेऊन पुढं झाला, तसं खाजा मियानं लोकांकडं बघितलं. समोर सगळे पोळ्याला बैलाच्या पाया पडणारे लोक.

"वळू बिमार हाय," तो म्हणाला. "इनामदाराचं पोरगं ढोरांची डॉक्टरकी शिकलंय. सुई देऊन राहिलंय."

पुढं जवळा बाजारचा बैलांचा दलाल संतराम बसला होता. "एवढी मोठी सुई?"

"देश बी मोठा हाय."

वळू कोसळला.

"झोपला," खाजा मियानं सांगितलं. तेवढ्यात खेचरं आली आणि त्याला फरफटत नेऊ लागली.

"खाजाभाई, त्यो मेला न्हाई का?" संतरामनं विचारलं.

पुढचं खोटं खाजा मियाला सुचेना. "मेला," तो म्हणाला. "मारला त्याला. काहून मारला, मला बी ठाऊक न्हाई."

एक म्हातारी पदरानं डोळे पुसू लागली. बाबूसिंगनं गल्ल्याची पेटी काखेत मारली आणि लोक बिथरले तर पळता यावं म्हणून मागची कनात सोडून ठेवली.

शेवटच्या रिळात दुसरा वळू आला. त्यानं नायकाला शिंगावर घेतलं आणि उडवलं. खाजा मियानं छाती भरून आरोळी दिली, "ह्यो त्याचा भाऊ!"

सगळा तंबू उठून उभा राहिला. पागोटी उडाली. नायक मेला, नायिका ऊर बडवून रडली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

जत्राभर तोच खेळ चालला. खरी पेटी आली, ती बाबूसिंगनं उघडलीसुद्धा नाही. जत्रा उठली तशी स्पेनची पेटी मुंबईला परत गेली आणि ढोल पुन्हा खाजा मियाकडं आला. पण संतराम भेटायला आला होता.

"बाजारात या," तो म्हणाला. "माझी जनावरं चांगली असतात, पण मला त्यांचं सांगता येत न्हाई."

घरी बायकोनं, मलिकानं, विचारलं, "क्या काम है?"

"बोलने का."

"किसके वास्ते?"

"बैलां के वास्ते."

मलिकानं तव्यावरची भाकरी उलटली. "अच्छा है," ती म्हणाली. "बैलां बीच में नहीं बोलते."

पुढं कैक वर्षं जवळा बाजारला खाजा मिया एकेका बैलाची ओळख करून द्यायचा. ज्यांना बैल घ्यायचा नसायचा, तेही थांबून ऐकायचे.