तीनदा गायलेली ओळ

आधीच सांगून टाकतो, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केलेली आहे. आमच्याकडं ताप आला की आधी लिंबू उतरवतात आणि मग गोळी देतात, त्यावरून मी घरात कडाक्याची भांडणं केलीत. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण रिपोर्टचे कागद कपाटात आहेत, त्याला मी काय करू?

शिरूर कासारला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. राहतो तिथून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर. केस पाठीवर रुळतात, त्यामुळं नवीन माणूस हमखास विचारतो, "कुण्या देवाला सोडलेत बे?" मी सांगतो, ब्लॅक मेटलला. म्हणजे गिटारचा कल्ला, ड्रम सुसाट, आणि गाणारा घसा फाटेस्तोवर किंचाळतोय, असलं संगीत. युरोपातले बँड रक्त पिणाऱ्या मुडद्यांवर अल्बम काढतात. मी म्हटलं, आपल्याकडं काय दुष्काळ आहे का त्यांचा? आपली हडळ आहे की... माझा पहिला अल्बम तिच्यावरच करायचा ठरवला.

हडळीची सगळी माहिती कौसामावशीची. मावशी म्हणजे शेजारीण. दिवाळीच्या आसपास आमची वस्ती ऊसतोडीला जाते. मावशीचं वय झालंय, म्हणून ती मागं राहते आणि अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या सांभाळते. तिच्या मते बाळंतपणात अंगावरून जाऊन जी मेली, ती हडळ होते. सगळं रक्त सांडलेलं असतं, म्हणून ती पोटुशीचं पिते. "पर तिला शिव्या दिऊ न्हाई बाबा. तीबी कुणाची तरी लेकच व्हती," असं ती प्रत्येक वेळी सांगायची.

रेकॉर्डिंगला मावशीनं तिच्या पोराची बंद खोली उघडून दिली. भिंतींना गोधड्या टांगल्या, टेबलावर लॅपटॉप आणि माईक. वस्ती रिकामी, कुणाची तक्रार नाही. दुपारी दुकान बंद करून यायचं आणि दोन तास किंचाळायचं. मावशीच्या शेळ्या पहिले दोन दिवस बिथरल्या, मग सरावल्या.

त्याच दिवसांत माझी बायको सुवर्णा सहा महिन्यांची गरोदर होती, आणि तिचं हिमोग्लोबिन होतं सात पॉइंट दोन. लोहाच्या गोळ्या पचेनात, म्हणून इंजेक्शनं सुरू केलेली. बीडच्या डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर हिला झेपणार नाही. रक्ताची सोय करून ठेवा." चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आली तरी सुवर्णा धापा टाकायची. मी तिच्यासमोर जोक मारायचो, पण आतून लई घाबरलो होतो.

ती भीती शेवटच्या गाण्यात उतरली. हडळ दारात आलीय, आत पोटुशी बाई झोपलीय, आणि नवरा दार अडवून उभा आहे. तो म्हणतो, "तिचं नको, माझं पी." आता, आवाज जाड वाटावा म्हणून एकच ओळ तीनदा गाऊन एकावर एक चढवायची, ही आमच्यातली रीतच आहे. मीही तेच केलं. तिसऱ्यांदा गाऊन माईक बंद केला, तर दारात मावशी. बाहेर बाजरी पाखडत होती, सूप हातात तसंच.

"काय म्हणलास रं आता? तीनदा म्हणलास?"

"रेकॉर्डिंगला तसं लागतंय मावशी." मी हसलो.

"कावून हसतूस? आपल्यात तीनदा बोललं की नवस हुतो. कुणाला बोललास, कळतंय का तुला?" मग तिनं हळूच विचारलं, "मनापासून बोललास का उगं गाण्यापुरतं?"

खोटं बोलता येईना. मी म्हणालो, "मनापासून."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि परत बाजरीकडं गेली.

पुढच्या दीड महिन्यात सुवर्णाच्या नखांना रंग आला. माझ्याशी दणकून भांडायला लागली... इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मला मात्र दुकानाचं शटर ओढलं तरी चक्कर यायची. म्हटलं, जागरणं झालीत, होतंय असं.

नववा लागल्यावर तिला तपासणीला नेलं, आणि आमचा रक्तगट एकच, म्हणून मी रक्तपेढीत रक्त द्यायला गेलो. तिथल्या पोरीनं बोटाला सुई टोचून मशीन बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमचं घेता येत नाही. नऊ पॉइंट चार आहे." मी म्हटलं, मशीन बिघडलंय. दर शिवजयंतीला रक्तदान करतो मी, गेल्या खेपेच्या कार्डावर चौदा आहे... तिनं दुसऱ्या मशीनवर घेतलं. नऊ पॉइंट चारच.

तासाभरानं सुवर्णाचा रिपोर्ट आला. अकरा पॉइंट आठ.

बाहेर चहाच्या गाड्यावर मोबाईलमध्ये वजाबाकी केली. तिचं चार पॉइंट सहानं वाढलेलं, माझं चार पॉइंट सहानं उतरलेलं. परत केली, तेच उत्तर. चहा तसाच गार झाला.

मॅडम म्हणाल्या, तिला इंजेक्शनं लागू पडली. बरोबर आहे. पण माझं कुठं गेलं? सगळ्या तपासण्या केल्या, दुर्बीणसुद्धा घातली. कुठं जखम नाही, कुठून रक्त जात नाही, काहीच नाही.

पंधरा दिवसांनी मुलगी झाली. आम्हाला पेढे सुचायच्या आत नर्सची पळापळ सुरू झाली. पाऊण तासानं मॅडम बाहेर आल्या. "बरंच रक्त गेलं हो. अंगात होतं म्हणून निभावलं. सातवर असत्या तर..." एवढंच बोलून त्या हात धुवायला गेल्या. मी तिथंच फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

मावशीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फिटलं म्हणायचं. आता तू खात जा नीट."

आता मुलगी चार महिन्यांची आहे, माझंही हळूहळू अकराच्या पुढं सरकलंय. अल्बम ऑनलाईन टाकलाय, पण शेवटचं गाणं वगळून. तेच सगळ्यात भारी झालंय, मित्र शिव्या घालतायत. पण ऐकणारे सोबत तीच ओळ ओरडतात, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते आपल्याला काय माहीत? इंजेक्शनं, योगायोग, मशीनची चूक... तुम्हाला जे पटेल ते समजा. मी आता उत्तर शोधत नाही.

ते गाणं फक्त सुवर्णानं ऐकलंय. परवा पोर निजल्यावर इअरफोन लावून पूर्ण सहा मिनिटं ऐकलं. मग डोळे पुसले, इअरफोन गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चला, जेवायला बसा. कलेजी केलीय तुमच्यासाठी."