आमच्या नेटवरचे तीन चोर

मी आयुष्यात एकाच माणसावर चोरीचा आळ घेतला, आणि तो निर्दोष निघाला.

मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. नवं सॉफ्टवेअर थेट कामावर लावू नये, आधी तपासावं, म्हणून घरच्या लॅपटॉपमध्ये मी तीन आभासी कॉम्प्युटर तयार केले. एका डब्यात तीन कप्पे, तसे. त्या तिघांचं जाळं वेगळं. त्यांना इंटरनेट मिळावं, पण घरातल्या दुसऱ्या कशाला त्यांचा स्पर्श होऊ नये, अशी सोय. ती झाली अशी माझी खात्री होती. (माझी खात्री हा आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे.)

त्याच आठवड्यात नेट रखडू लागलं. राउटरची यादी उघडली, तर घरच्या मोबाइलांखाली तीन बिननावाची उपकरणं!

संशय गेला शेजारच्या दत्ताकाकांवर. त्यांचा मुलगा बोटीवर असतो. काकांच्या घरी मोबाइलला रेंज नाही, म्हणून त्याच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलसाठी मीच त्यांना वायफायचा पासवर्ड दिला होता. तो त्यांनी वाडीभर वाटला, दुसरं काय? मी पासवर्ड बदलला. तिघे जागेवर. पुन्हा बदलला. तरी जागेवर. मग मी बायकोकडे पाहिलं.

"तू काकूंना सांगितलास?"

"मला तरी कुठे सांगितलात? सकाळपासून माझ्याच मोबाइलवर नेट नाही."

शेवटी कुंपणाशी जाऊन काकांना विचारलंच. ते नारळ सोलत होते. हातातला नारळ पुढे करून म्हणाले, "हाच देवापुढे ठेवून शपथ घेतो. चल देवळात."

मी 'तसं नाही हो' म्हणत परतलो. नवा पासवर्ड मात्र दिला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही. आळ घेणाऱ्याच्या दारात कोण येईल?

रविवारी काका दुपारभर पडवीत मोबाइल धरून बसलेले दिसले. (मी खिडकीतून पाळत ठेवून होतो.) कॉल लागला नाही. काकूंकडून बायकोला कळलं, बोट त्याच संध्याकाळी बंदर सोडणार होती. पुढचं बंदर पंधरा दिवसांनी, तोवर कॉल नाही.

सोमवारी लॅपटॉप बंद केला आणि सहज मोबाइलवर यादी पाहिली. तिन्ही चोर गायब. लॅपटॉप आणि त्यातले तिन्ही कप्पे सुरू केले. चोर हजर! जाळं वेगळं ठेवण्याऐवजी मी ते थेट घरच्या नेटला जोडून बसलो होतो. लॅपटॉप राउटरला वायरने जोडलेला, त्यामुळे वायफायच्या पासवर्डची त्यांना पर्वाच नव्हती. दिवसभर अपडेट उतरवून नेट खात होते ते तेच.

बायको एवढंच म्हणाली, "आता नारळ तुम्ही न्या."

पंधरा दिवसांनी, बोट बंदराला लागली त्या दिवशी, नारळ आणि पासवर्ड घेऊन, बायकोसह गेलो आणि सगळं कबूल केलं. मुलाचा कॉल लागला. काकांनी मोबाइल भिंतीला टेकवला, नारळ पाटावर ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या माझ्या शेजाऱ्यानं तीन चोर स्वतःच पाळलेन आणि आळ म्हाताऱ्यावर घेतलान. त्याला अक्कल दे रे महाराजा."

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. काकू म्हणाल्या. मुलगा बोटीवरून म्हणाला. बायको जरा जास्तच जोरात म्हणाली. मग सगळे माझ्याकडे बघत थांबले.

मीही म्हणालो, अगदी पुटपुटलो. पण त्या दिवशी नेट इतकं छान चालत होतं, की बोटीवरचे सगळे खलाशी हसल्याचं स्वच्छ ऐकू आलं.