भीमाईचा गाळ

थुक की गं बाय, थुक! माझं बोट पिंकीच्या घशात, पोरीचे डोळे पांढरे झालेले, आन तोंडातनं नुसता काळा गाळ येतोय. भाकरी उलटायला वळले, तेवढ्यात तिनं तुळशीच्या कुंडीतनं मूठभर माती खाल्ली.

शेजारच्या पद्माक्का शिलाईवरनं उठून पळत आल्या. "अय्यो! कुटली घाण खाल्ली गं ही?"

"काय म्हाईत अक्का, घरमालकाची कुंडी हाय."

दवाखान्यात बी तेच सांगितलं. खोटं हुतं.

तो गाळ आमच्या भीमेचा. नवऱ्याला टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं, मी पोटुशी, भवानी पेठेत ऱ्हायला निघाले, तवा आईनं एस्टीच्या खिडकीतनं फडक्यात बांधून दिला. "पूर येतो, गाळ टाकून जातो, म्हणून आपलं रान पिकतं. लेकरू झालं की टिळा लाव." आमच्यात तशीच रीत हाय. मी लावलाच न्हाय, कुंडीत घातला. लहानपणी त्याच नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी प्यालेली मी! आता उन्हाळ्यात पाणी हिरवंगार, वर फेस, वास येतो. आईला म्हणलं तर म्हणायची, "म्हातारी आई आजारी पडली तर टाकत्यात व्हय तिला?"

डॉक्टरनं औषध दिलं, पिंकी बरी झाली. मी मातर तुळस उपटली, मुळं नळाखाली खळाखळा धुतली, गाळ घंटागाडीत टाकला आन नर्सरीतनं कोकोपीटची पिशवी आणली. आई फोनवर इचारायची, तुळस कशी हाय गं? मी म्हणायचे, लई फुटलीया.

मागल्या आठवड्यात पिंकीचा पहिला वाढदिस झाला. फुगे, केक, गल्लीतली समदी जमलेली. आईनं येताना परत फडकं आणलं हुतं. सोडलं, बोट गाळात बुडवलं, पिंकीकडं वाकली. पद्माक्का बघत हुत्या. त्यांना ती माती वळखू आली असंल का, ह्याचीच मला धास्ती. आन पोरीच्या जिवाची बी भीती, देवाशप्पथ. मी पिंकीचं कपाळ पदराखाली झाकलं.

आईचं बोट तसंच ऱ्हायलं. मग तिनं ते सोत्ताच्या कपाळाला लावलं आन म्हणली, "काप बाय केक, पोरं थांबल्यात."

गावाकडच्या बायांनो, माज्यावानी शहरात आलेल्यांनो, आता माहेर म्हणलं की मला घर दिसत न्हाय, ते बोट दिसतं. खरं सांगा, तुमी लावू दिला असता का टिळा?