डब्याच्या वेळी नाचणारी सुई

फलटणजवळच्या त्या माळाचा मला आधी वास आठवतो. साखर कारखान्याच्या मळीचा, आंबूस, घशाला चिकटणारा. सांगलीच्या आमच्या कॉलेजातल्या सरांनी तिथे बांबूंवर तारा ताणून रेडिओ दुर्बीण उभारली होती. पत्र्याच्या खोलीत कागदाची गुंडाळी सरकायची आणि शाईची सुई तिच्यावर रेघ ओढायची. दुपारी सूर्य तारांसमोरून गेला की रेघ टेकडीसारखी चढून उतरायची. पहिल्यांदा ती टेकडी पाहिली तेव्हा मी धावत जाऊन सरांना बोलावलं होतं.

नियम एकच होता. आसपास जे घडेल ते वेळेसकट वहीत लिहायचं, सायकल गेली तरी; म्हणजे सुई आभाळातल्या कशाने हलली की जमिनीवरच्या, ते नंतर ओळखता येई. वही इंग्रजीत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. रोज पाऊण वाजता शेजारच्या मळ्यातले एक माजी सैनिक फटफटीवरून माझा डबा आणत. माझी भाकरी आली, हे शास्त्राच्या वहीत कसं लिहायचं? लाज वाटली. लिहिलं नाही.

कागदावरच्या टेकडीच्या उतारावर उंच काटे उमटू लागले. सर हरखले. "सूर्यावरची वादळं आहेत ही. अहवालात तुझंही नाव घालतो."

एके दिवशी सैनिक इंजिन चालू ठेवूनच दारात थांबले.

"मी आलो की तुजी सुई लय नाचती की रं. फटफटीला भ्याली का काय?"

"न्हाई काका, ते सूर्याचं हाय."

त्यांनी इंजिन बंद केलं. सुई शांत झाली. दोघांनीही ते पाहिलं.

"असंल बाबा. शिकलेला तू," म्हणून त्यांनी डबा खाली ठेवला.

दोन दिवसांनी मी सरांना सांगितलं, ते काटे फटफटीचे आहेत. त्यांनी वही चाळली.

"कुठे लिहिलंयस?"

"लिहिलं नाही, सर."

"मग फटफटी आलीच नाही."

मी पेन उघडलं, तसा त्यांनी वहीवर हात ठेवला. "मागच्या तारखेला लिहिणं ही लबाडी. एवढं तरी शीक."

अहवाल टपालात पडला, माझ्या नावासकट. त्या दिवशी पाऊण वाजता मी गुंडाळीच्या कागदावरच मराठीत लिहिलं: फटफटी आली, माझा डबा. शेजारी सुईने उंच काटा ओढला. सरांनी तेवढा कागद कात्रीने कापून खिशात घातला. मी डबा उघडला. भाकरीला मळीचा वास येत होता, आणि मी ती सगळी खाल्ली. सरांबद्दल वाटलेली किळस पुढे कमी झाली. ते सगळं पाहूनही मी गिळलेल्या त्या घासांची झाली नाही.