मेली नको

आमच्या निरगुडसरच्या शेजारगावी यात्रेत कबड्डीचे सामने होते. मी डाव्या कोपऱ्यात खेळायची. चढाई करणारीचा पाय मागं निघायच्या आत तिचा घोटा धरायचा, एवढंच माझं काम, आणि ते मला चांगलं येत होतं. त्या दिवशीही घोटा हातात आला. पण साखळीतल्या दोघी वरून माझ्या पायावर पडल्या आणि गुडघ्यातून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. चढाईवाली बाद झाली, गुण आम्हाला मिळाला, आणि मला चौघींनी उचलून बाहेर आणलं.

पुण्याला ऑपरेशन झालं. लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आधी नीट चालायला शिका, खेळाचं मग बघू." घरी आले ती पायाला पट्टा बांधून, खिडकीशेजारच्या कॉटवर. बाहेर वडील कांद्याला पाणी देताना दिसायचे, आई गोठ्यातून आत-बाहेर करायची, आणि मी पंख्याकडं बघत पडलेली. मैत्रिणी सरावाचे व्हिडिओ पाठवायच्या. थोड्या दिवसांनी मी ते उघडणंच बंद केलं.

माझा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर घरीच पडून होता, कारण तिकडच्या खोलीत चौघं राहतात आणि ठेवायला जागा नाही. सुट्टीला आला तेव्हा त्यानं तो माझ्या कॉटजवळ मांडला आणि एक ऑनलाइन गेम लावून दिला. पृथ्वीपासून लांब, अंतराळातल्या खाणी. तिथली यंत्रं बिघडून माणसांवर उलटलेली. आपण त्या खाणी परत मिळवायच्या. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात खेळतात, आणि मोठ्या लढाईला चौघांचा संघ लागतो.

आधी आपलं पात्र निवडायचं होतं. लांबून नेम धरणारा, ड्रोन उडवणारा, जखमी झालेल्यांना बरं करणारी वैद्य, असे प्रकार होते. शेवटी एक गडी उभा होता. त्याच्या एका हातात ढाल आणि दुसऱ्यात विजेनं चमकणारं आखूड पातं.

"हा," मी म्हणाले.

भाऊ हसला. "ताई, हा मेली आहे. जवळ जाऊन हाणामारी करणारा. याला संघात कुणी घेत नाही. सगळ्यांकडं बंदुका असताना हा पोचायच्या आत मरतो."

वडील दारात चप्पल काढत होते. ते वाकून पडद्याकडं बघत म्हणाले, "ह्यो तर उसाचा कोयता. आगं, बंदुका फुकाट देत्यात तर कोयता कशाला घेती?"

"मला लांबून काही मारता येत नाही, दादा," मी म्हणाले. आम्ही वडिलांना दादाच म्हणतो. ते खोटं नव्हतं. समोरच्याचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ गेल्याशिवाय मला खेळ कळतच नाही.

पहिले काही दिवस मी नुसती मरत होते. दार उघडायचं, पळत जायचं, गोळ्या खायच्या, पडायचं. मेल्यावर परत उठेपर्यंत थोडा वेळ जातो. त्या वेळेत करायचं काय, म्हणून मी फिजिओथेरपीचा व्यायाम सुरू केला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. मग पाय सरळ वर उचलायचा. आईनं वाळूची छोटी पिशवी शिवून दिली होती, ती घोट्याला बांधायची. जितक्या वेळा मरण, तितका व्यायाम. मंचरला तपासणीला गेले तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी मांडी दाबून बघितली आणि त्यांना नवल वाटलं.

"छान भरतीय की. रोज किती वेळ करतेस?"

"मरते तेवढ्या वेळा," मी म्हणाले, आणि मग त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं.

मरता मरता खेळ उलगडत गेला. शत्रूनं हत्यार उचललं की लगेच पळायचं नाही, ते खाली यायला लागलं की बाजूला व्हायचं. ढाल सतत वर धरली तर दम संपतो. आणि एकदा का चिकटलं की सोडायचं नाही, कारण बंदूकवाल्याला जवळचा माणूस दिसला की तो गडबडतो. एकटीनं मी बरीच पुढं गेले. पण मोठ्या लढायांना संघ लागायचा आणि तिथं भावाचं म्हणणं खरं ठरलं. संघात शिरले की कानातल्या हेडफोनमधून कुठला तरी मुलगा हिंदीत ओरडायचा, "मेली नहीं चाहिए, भाई," आणि मला बाहेर काढायचा. एकदा हेडफोनची वायर निघाली आणि तो आवाज घरभर घुमला. आई पिठाच्या हातानं पळत आली.

"कोण मेली? कोण मेली गं?"

"कोणी नाही, आई. मलाच म्हणतायत."

"त्याच्या जिभेला हाड हाय का न्हाई!" आई पडद्याकडं बघून म्हणाली. त्या दिवशी किती तरी दिवसांनी मी पोट धरून हसले.

मला पहिल्यांदा ठेवून घेतलं ते एका बाईनं. असाच एक संघ होता, दोघं मला काढायच्या बेतात होते, आणि त्यांच्यातली वैद्य मराठीत बोलली. "ऱ्हाऊ द्या तिला. म्या बघते." नंतर आम्ही दोघीच बोलत बसलो. ती घाटघरची होती, नाणेघाटाजवळची. घरची भातशेती, आणि ट्रेकला येणाऱ्या लोकांची जेवणाची, मुक्कामाची सोय ते करायचे. बुकिंगसाठी नवऱ्यानं लॅपटॉप घेतला होता. दुपारची भांडी झाली की ती त्यावर खेळायची. मोबाईल माळ्यावर एका ठरलेल्या जागी ठेवला तरच तिला रेंज मिळायची, आणि धुकं उतरलं की तीही जायची. वयानं माझ्यापेक्षा मोठी. मी तिला ताई म्हणू लागले.

"तुम्ही वैद्यच का झालात?" मी विचारलं.

"सवय हाय. दिसभर लोकांचंच बघायचं," ती म्हणाली.

तिच्या ओळखीनं राजुरीचा एक दुकानदार आमच्यात आला. त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो खेळायचा, आणि त्याचा नेम पक्का होता. सुट्टी असेल किंवा रात्रपाळी, तेव्हा माझा भाऊ चौथा, खोलीतल्या मित्राच्या लॅपटॉपवरून. असा आमचा संघ झाला आणि आम्ही खेकड्यापर्यंत पोचलो.

खेकडा हे आम्ही दिलेलं नाव. खाणीच्या तळाशी बसलेलं ते अवाढव्य यंत्र होतं, पुढं दोन नांग्या, खाली पायांची रांग. नांगी जमिनीवरून फिरवली की जवळ असेल तो गेलाच. लांबच्यांना लपायला भिंती होत्या, मला काहीच नव्हतं. दरवेळी मी आधी मरायची, मग खेकडा बाकीच्यांकडं वळायचा आणि सगळे जायचे. असं पुष्कळ वेळा झालं.

एका दुपारी दुकानदार म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण तुमी बंदूक घ्या की राव. आजच्या आज खेकडा पडंल."

"मला तो बंदुकीनं पाडायचा नाही."

"आवो, पाडल्याशी मतलब. कशानं का पडंना."

घाटघरची ताई गप्प होती. भाऊही गप्प. मी म्हणाले, "मग तुम्ही दुसरं कुणी घ्या." मला वाटलं होतं कुणीतरी नको म्हणेल.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. दुकानदारानं ओळखीचा एक नेमवाला आणला होता. "ताई, पडला खेकडा," भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाज आनंदी न वाटण्याची त्याची धडपड मला कळत होती. "बरं झालं," मी म्हणाले. फोन ठेवला, वाळूची पिशवी बांधली आणि पाय उचलत राहिले. मांडी थरथरायला लागली तरी थांबले नाही. मैदानावरून उचलून आणलं तेव्हासुद्धा मी रडले नव्हते. त्या दिवशी रडले. एका खेळातल्या यंत्रासाठी नाही. आपल्यावाचून सगळ्यांचं नीट चालतं, हे त्या काही महिन्यांत मला दुसऱ्यांदा कळत होतं.

संध्याकाळी वडील कॉटवर येऊन बसले. आईनं त्यांना काहीतरी सांगितलं असणार.

"घिऊन टाकायची व्हती बंदूक."

"नाही घ्यायची मला."

ते पडद्याकडं बघत म्हणाले, "न्हाई ना घ्यायची? मग रडायचं न्हाई. जवळनं कसा पडंल ते बघ."

दुसऱ्या दिवसापासून मी एकटीच खेकड्यासमोर जाऊ लागले. जिंकायला नाही, बघायला. एकटीनं तो पडणं शक्यच नव्हतं. मी हत्यार न चालवता नुसती त्याच्यापुढं उभी राहायची आणि त्याचे पाय बघायची. नांगीकडं सगळेच बघतात, पण अंग फिरवायचं तर आधी पाय हलवावा लागतो, तो माणसाचा असो की यंत्राचा. बऱ्याच मरणांनंतर दिसलं की नांगी फिरवण्याआधी खेकडा मागचा एक पाय किंचित बाहेर टाकतो. तो पाय हलला की पुढं पळत थेट त्याच्या पोटाखाली घुसायचं. तिथं नांगी पोचत नाही. पण तिथं वरून सतत वाफ सुटते आणि हळूहळू जीव जातो. म्हणजे पोटाखाली टिकायचं तर वैद्य जवळ हवी, भिंतीचा आडोसा सोडून उघड्यावर.

हे सगळं कुणाला सांगायचं, असा विचार करत होते तेवढ्यात घाटघरच्या ताईचा आवाज आला. "काय गं, तुजा खेकडा ऱ्हायलाय ना?"

"तुमचा तर झालाय, ताई."

"माजा झाला. तुजा कुटं झालाय?" मग म्हणाली, "म्या त्या दिशी बोलाया पायजे व्हतं. बोलले न्हाई. आता सांग, कसं करायचं?"

मी सांगितलं. उघड्यावर यावं लागेल, कदाचित माझ्याआधी तुम्हीच मराल, असंही सांगितलं. ती म्हणाली, "मरू की. पुन्यांदा उटू." दुकानदाराला तीच घेऊन आली. तो आधी कुरकुरला, पण आला. भावानं रात्रपाळी करून, झोप अर्धी टाकून दुपार काढली.

पहिल्या दुपारी खेकड्यात जेमतेम धुगधुगी उरली असताना आमच्याकडं वीज गेली. काळ्या पडद्यात मला माझंच तोंड दिसलं. वडील चप्पल घालून, टेस्टर घेऊन विजेच्या डीपीकडं निघाले, पण फ्यूज उडाला नव्हता, लाइनच गेली होती. फोनवर दुकानदार म्हणाला, "जाऊ द्या ताई, नशीबच न्हाई." मी म्हणाले, "उद्या याच वेळेला." आणि त्यानं नाही म्हणायच्या आत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वडील कांद्यात गेलेच नाहीत, खुर्ची घेऊन मागं बसले. खेकड्याचा मागचा पाय हलला आणि मी पोटाखाली शिरले. "हाय का जित्ती?" ताईचा आवाज. "आहे!" वाफ सुटत होती, जीव खाली जायचा आणि ताईच्या औषधानं परत वर यायचा. वाफ वाढली की बाहेर, पाय हलला की पुन्हा आत. भाऊ पडला. दुकानदार ओरडत होता, "धरून ठिवा ताई, म्या हाय मागं, धरून ठिवा!" मग तोही पडला. आम्ही दोघीच उरलो. ताई उघड्यावर उभी होती, खेकड्यानं तिच्याकडं वळायला पाय उचलला, आणि मी त्याच पायावर हाणत राहिले. ढाल टाकून दिली होती. खेकडा एका बाजूला कलला, आणि एवढं मोठं धूड बसल्यासारखं खाली आलं.

हेडफोनमध्ये एकदम गलका झाला. दुकानदार इतक्या जोरात ओरडला की त्याच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक "काय झालं, काय झालं" करतंय, हे आम्हाला ऐकू आलं. भाऊ नुसता "ताई, ताई" करत होता. वडील उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि आईला म्हणाले, "आता च्या कर."

गुडघा नीट झाला, पण पूर्वीसारखा नाही. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली, जपून. मी सरावाला जाऊ लागले, आणि पहिल्याच दिवशी एका नवख्या मुलीनं मला सहज बाद केलं. परत जाते. अजून जाते.

त्याआधी मात्र, पट्टा सुटल्यावर पहिला लांबचा प्रवास मी घाटघरचा केला. जुन्नरहून एसटीनं एकटी गेले. ताई दारातच उभी होती, पदर खोचलेला, माझ्या खांद्यालाही लागणार नाही एवढी. आवाजावरून मी धिप्पाड बाई धरून चालले होते. "लंगडत न्हाईस की गं," एवढंच म्हणून तिनं मला आत नेलं. जेवायला भात होता, नाचणीची भाकरी होती. ट्रेकवाले जेवून गेल्यावर आम्ही दोघींनी भांडी घासली, आणि मग तिनं लॅपटॉप काढून दोघींच्या मध्ये ठेवला.

"आता तू बस शेजारी, माजी वैद्य हून," ती म्हणाली. "मला बी हाणायचंय."

तिनं तो कोयतेवाला गडी निवडला. पहिल्या दारातून पळत आत गेली आणि पहिल्याच गोळीबारात पडली. मी तिला म्हणणार होते की आधी ढाल वर धरायची असते. तिनं हातानंच मला गप्प केलं, पदर पुन्हा खोचला आणि पडद्याकडं बघत म्हणाली, "थांब. सांगू नगंस. पुन्यांदा."