विरोधकाच्या हाती पहिला माईक

रत्नमालाताई सोनकांबळे यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लिहावं, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी त्यांना आठवण करून दिली की ताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाची होती. ते म्हणाले, "मग तेच लिहा." म्हणून लिहितो.

नळदुर्गजवळ महामार्गावर माझा धाबा आहे. तुळजापूरपर्यंत येऊ घातलेला रेल्वेमार्ग पुढे नळदुर्गमार्गे उमरग्यापर्यंत वाढवावा, या मागणीसाठी ताईंनी कृती समिती काढली आणि पहिली सभा आमच्याच गावात ठेवली. रेल्वे आली की ट्रक घटणार, ट्रक घटले की आमच्या चुली विझणार, हे सांगायला आम्ही धाबेवाले घोळक्याने गेलो. खरं तर सभा उधळायलाच. ताई व्यासपीठावरून खाली उतरल्या, माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही बोला. समदं बोला. आमाला घाई न्हाय." उधळायला आलेल्या माणसाला माईक मिळाला की त्याची पंचाईत होते. माझीही झाली, तरी बोललो.

मग ताईंनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडलं आणि विचारलं, "असंच म्हणायचंय न्हवं तुम्हाला?" मी होकार दिल्यावरच त्या उत्तराकडे वळल्या. समितीचा हा नियम आजही आहे: विरोधक आधी बोलणार, आणि त्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडल्याशिवाय आपल्यापैकी कुणी उत्तर द्यायचं नाही. सभा फार लांबतात, हे कबूल. पण माझ्या भीतीतूनच नळदुर्गला मालधक्का हवा, ही मागणी निवेदनात आली. माल चढवायला-उतरवायला ट्रक लागणारच. मी समितीत शिरलो तो असा.

ताई उमरग्याच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. अवघड रुग्णांना घेऊन सोलापूरची वाट त्यांनी नोकरीभर तुडवली, आणि त्यातले काही वाटेतच गेले. त्यांचा हट्ट तिथून आला आहे. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा जीपमध्ये आईचं डोकं मांडीवर घेऊन त्या सोलापूरपर्यंत आल्या. प्रत्येक खड्ड्याला आई कण्हत होती. "बघा, गाडी असती तर," हे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही तोंडून निघालं असतं. ताईंनी सबंध वाटेत रेल्वेचं नाव काढलं नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर होताच, त्या दिवसापासून माया बसली.

आमचे पराक्रमही सांगायला हवेत. एकदा रस्त्याकडेला तिपाईवर यंत्र लावून मोजमाप करणारी माणसं दिसली. रेल्वेचा सर्व्हे सुरू झाला, अशी बोंब झाली. आम्ही हलगी वाजवत गेलो, त्यांना शाल-श्रीफळ दिलं, लांबलचक भाषणं ठोकली. सगळं झाल्यावर त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते पाण्याच्या पाइपलाइनवाले निघाले! तालुकाभर हसं झालं. ताई म्हणाल्या, "त्येंना आधी बोलू दिलं असतं तर ही येळ आली नसती. आपलाच नियम मोडला, आता भोगा." आणि पुढच्या सभेत विरोधकांनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच तो किस्सा रंगवून सांगितला.

खरी कसोटी गेल्या वर्षी लागली. एक वजनदार पुढारी बैठकीला आले. उमरग्याचा हट्ट सोडा, नळदुर्गपर्यंतची शिफारस लगेच करतो, असं त्यांनी सांगितलं. ताईंनी त्यांचं म्हणणं मांडलं, "निधी थोडा हाय. मिळतंय ते पदरात पाडून घ्यावं, फुडचं फुडं बघू. असंच न्हवं?" पुढारी खूश झाले. "अगदी बरोबर!"

मग ताई आमच्याकडे वळल्या. "उमरग्याच्या कुणीबी हात वर करायचा न्हाय. ठरवायचं ते नळदुर्गच्या लोकांनी. तुम्ही घ्या म्हणलात तर माझी आडकाठी न्हाय. पर अर्ध्यावर थांबलेलं काम पुन्हा हलवायला माणसाची उमर पुरत न्हाय, येवढं ध्यानात ठिवा."

आम्हाला तर घरबसल्या गाडी मिळत होती, आणि मोह मलाही झाला होता. शेवटी आमच्या गावचे वयोवृद्ध शेतकरी सिद्रामअप्पा उठले. "आमाला सोलापूर जवळच हाय. लांब पडतंय ते उमरग्याला. गाडी पार तिथवर जाऊ द्या," म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. पाठोपाठ मी केला, मग नळदुर्गच्या सगळ्यांनी. ताईंचे डोळे भरून आलेले मी तेव्हा प्रथमच पाहिले. पदराने ते पुसून त्या म्हणाल्या, "बसा आता. निवेदन लिव्हायचंय."

पुढारी नाराज होऊन गेले. शिफारस कुठेच गेली नाही. हातातोंडाशी आलेलं घालवलंत, असे टोमणे मला गावात रोज ऐकावे लागतात. टोमणे मारणाऱ्यांना आम्ही पुढच्या सभेला बोलावतो आणि पहिला माईक त्यांना देतो.

ताई, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, आवाज असाच खणखणीत राहो. गाडी उमरग्याला तुमच्या डोळ्यांदेखत लागावी, ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा आहे. उशीर झालाच, तर तो वरच्यांमुळे झालेला असेल. नळदुर्गकरांचे हात अजून खाली आलेले नाहीत.