रफीकभाई सूरला का गेले

"आंटी, अब्बा गेले..." शबानाचा फोन आला आणि मी भिजवलेली कणीक तशीच टाकून अल हैलला त्यांच्या घरी पोचले. रफीकभाई मूळचे रत्नागिरीचे. मस्कतच्या आमच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसून बंदरांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. त्या दिवशी शबाना म्हणाली, "अब्बांना आमच्यापेक्षा सूरचा समुद्र प्यारा. मी शाळेत होते आणि ते बदली मागून निघून गेले." मी घाईनं चहाचा कप तोंडाला लावला. रिकामा होता.

चाळिशीतली मी म्हणजे मोठं प्रस्थ! दुसऱ्याची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा, छोट्या छोट्या प्रोग्रॅमांचा संच, वापरायची तर एक तारांकन टाकून सगळीच्या सगळी आत ओढायची. हवं तेवढंच निवडण्याचे कष्ट बाईसाहेब घेत नसत. रफीकभाई बजावायचे, "काय गो बाय, एका नावाची दोन माणसं घरात घेतलीस तर हाकेला ओ कोण देणार? फंक्शनच्या आधी लायब्ररीचं नाव लिही." मी म्हणायचे, "एवढं टाइप करायला माझी बोटं फुकट आलीत का?"

पाण्याची खोली सांगणारं फंक्शन त्यांनी लिहिलं होतं, उत्तर मीटरमध्ये. मी नंतर ओढलेल्या लायब्ररीत त्याच नावाचं दुसरं होतं, उत्तर फुटांत. दुसऱ्यानं पहिल्याला गुपचूप बाजूला सारलं, कॉम्प्युटरनं चकार शब्द काढला नाही, आणि फुटांचे आकडे मीटर म्हणून सूर बंदराला गेले. एक लाकडी गलबत उथळ पाण्यात रुतलं. माणसं वाचली, पण अर्बाब, म्हणजे आमचे मालक, भडकले. फंक्शन कुणाचं? रफीकचं. मी तिथंच उभी होते, पदराचं टोक पिळत... रफीकभाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "खलास, तपासायचं माझ्याकडून राहिलं," म्हणाले. शिक्षा म्हणून त्यांना सूरच्या छोट्या ऑफिसात पाठवलं. घरी त्यांनी सांगितलं, "मीच मागून घेतली बदली." आणि मी? मी निरोपाच्या पार्टीला केक नेला. एवढी निर्लज्ज होते.

शबानाला मराठी वाचता येत नाही, म्हणून छापायला देण्याआधी हे सगळं मी तिच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. ती ओरडली नाही. जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे एक खुर्ची आहे. सुट्टीला आले की रफीकभाई तिथं बसत. एरवी तिच्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले. शबानानं ते कपडे उचलून मांडीवर घेतले, खुर्ची मोकळी केली.

"परत वाचा, आंटी," ती म्हणाली. "हळू. मला मराठी स्लो कळतं."